दुरुस्तीच्या पावतीमागे

पिशवी आत्ता उघडू नका.
बाहेर उणे चौतीस आहे, आणि तुम्ही बसने जाणार,
थांब्यावर वीस मिनिटं उभे राहणार,
तोवर यंत्राची हाडंसुद्धा गारठलेली असतील.
घरी पोचलात की टेबलावर ठेवा, पिशवीसकट,
हीटरपासून लांब,
आणि दोन तास विसरून जा.
गार वस्तू उबेत आली की तिला आतून घाम फुटतो,
वरून काही दिसत नाही.
तेवढ्यात बटण दाबलंत
तर तीस वर्षं टिकलेलं एका टिचकीत जातं.

आता बाकीचं.

कॅसेट चालली नाही की तुम्ही फुंकर माराल.
सगळेच मारतात, सगळ्या सिक्तिवकारभर मारतात,
आणि मग माझ्याकडे येतात.
फुंकर जखमेवर घालायची असते.
थुंकीच्या ओलाव्याने तांबं कळकतं,
ताक ठेवलेल्या भांड्यासारखं.
कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवा,
हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसा.
आणि बाटली कुलपात ठेवा.
मी तिच्यावर लिहिलं होतं, ‘फक्त संपर्कासाठी’.
आमच्या येगोरने त्याचा फार व्यापक अर्थ लावला.

अडॅप्टर हाच, पांढरी पट्टी लावलेला.
बाजारातला दुसराही बसेल.
बसतं ते सगळं चालतं असं नाही.
आत अधिक-उणे उलटं असलं
तर मासळी करपल्यासारखा वास येईल,
मग मला फोन करू नका, खिडकी उघडा.

वायर यंत्राभोवती आवळून गुंडाळायची नाही.
ती तुटते मानेशी. नेहमी मानेशीच.

प्लास्टिक पिवळं पडलंय, पडू द्या.
अंफिसा नावाची एक नर्स येते,
तिने ब्लीच लावून केस दुधासारखी पांढरी केली,
आता तिचा कोपरा चुरमुऱ्यासारखा मोडतो.
मूळ रंग बघायचाच असेल
तर तळाचं झाकण काढा,
तिथे ऊन कधी पोचलं नाही.

बंदुकीबद्दल.
तुमच्या चपट्या टीव्हीवर एकही बदक मरणार नाही.
बंदूक चांगली आहे, मी तपासली.
कुणी कुबडवाला जुना टीव्ही टाकून देत असेल
तर उचलून आणा. दोन माणसं लागतील.

आणखी काय...
हां, ते दोन तास.
तुम्ही हसलात मघाशी, म्हणालात,
खेळणंच तर आहे, एवढं काय त्याचं.

माझा मुलगा वोर्कुताहून आला होता,
अकरा वर्षांनी, अशाच जानेवारीत.
पापण्यांवर बर्फ, हातमोजेही काढले नव्हते.
दार लावायच्या आत मी विचारलं
होतास कुठे, एक पत्र का नाही,
बापाच्या मातीला का आला नाहीस.
तो उभाच राहिला उंबऱ्यात.
तोंडावर पाणी आलं त्याच्या,
बर्फ वितळला असेल.
पहाटेच्या गाडीने गेला.
चहाचा कप तसाच, वर साय धरलेला.

तेव्हाही मी हेच काम करत होते.
तेव्हाही ही सूचना
रोज दहा जणांना सांगत होते.

तर दोन तास. हवं तर गजर लावा.
मग पिशवी काढा, केसवर तळहात ठेवून पाहा,
गार लागलं तर अजून थांबा.
आधी टीव्ही, मग कॅसेट,
बटण सगळ्यात शेवटी.
चालू असताना कॅसेट ओढून काढायची नाही,
पोरांनाही सांगून ठेवा.

चारशे पन्नास रूबल झाले.
डाव्या पॅडच्या बटणाखालचं रबर बदललंय,
त्याचे घेतले नाहीत.
				कापितोलिना